जुन्या धुराड्यात पेलेटची चूल बसवू का? साखर पेठेतल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना सासूबाईंच्या दम्यापाशी थांबले, म्हणून हे उत्तर जरा लांब होणार आहे.

बाकीच्यांसाठी पत्रात काय आहे ते सांगते. सोलापुरात साखर पेठेत जुना वाडा, स्वयंपाकघरात आजेसासूच्या काळची चूल, तिच्यावर भिंतीतून वर गेलेलं धुराडं, वीसेक वर्षं बंद. ताई, त्यांची जाऊ आणि मदतीला दोन बायका मिळून कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतात, महिन्याला ५ कमर्शियल सिलिंडर लागतात आणि गॅसच्या बिलानं जीव नको झालाय. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं अमेरिकेतला एक व्हिडिओ पाठवला, त्यात लोक घरातल्या जुन्या फायरप्लेसमध्ये काचेच्या दाराची एक लोखंडी पेटी सरकवून बसवतात, तिला इन्सर्ट म्हणतात, त्यात लाकडाच्या गोळ्या म्हणजे पेलेट जळतात, आणि मुलगा म्हणतो आई आपल्या चुलीच्या कोनाड्यात असंच बसवू. इकडं एमआयडीसीतला एक दुकानदार ३८ हजारात पेलेटची भट्टी देतो म्हणतोय, पेलेट १४ रुपये किलो घरपोच, आणि "तीन किलो पेलेट म्हणजे एक किलो गॅस" असा त्याचा हिशोब. सासूबाईंची खोली स्वयंपाकघराला लागूनच आहे. घ्यावी का, आणि घ्यायची तर बसवायची कशी, असं ताई विचारतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. घ्या, पण आत्ता लगेच नको, आणि व्हिडिओतली तर अजिबात नको. तुम्ही लोक चूल बघायला निघालात, पण चूल तिसऱ्या नंबरची गोष्ट आहे वो. आधी पेलेट कुठून येणार आणि वर्षभर येणार का ते बघा, मग धूर कुठून जाणार ते बघा, ही दोन्ही कामं झाल्यावर चूल कुठलीही चांगली घेतली तरी चालेल. मी स्वतः उलट्या क्रमानं केलं आणि पस्तावले, ते पुढं सांगते.

व्हिडिओतल्या पेटीचं आधी संपवू, कारण मुलगा प्रेमानं सांगतोय आणि त्याला नीट कारण सांगितल्याशिवाय पटणार नाही. १९७० च्या दशकात तेल महागलं तेव्हा अमेरिकेत घर गरम ठेवायचा खर्च परवडेना, आणि तिकडं लाकूड कापायच्या गिरण्यांतला भुसा ढिगानं पडून होता, तो दाबून त्याच्या गोळ्या केल्या आणि १९८० च्या दशकात या घरगुती चुली निघाल्या. वर हॉपर असतो, म्हणजे पेलेट भरायचं खोकं, त्यातून एक स्क्रू फिरत फिरत थोडे थोडे पेलेट खाली जळणाच्या वाटीत टाकतो, एक पंखा आगीला हवा देतो आणि धूर बाहेर ढकलतो, दुसरा पंखा गरम झालेली हवा खोलीत फेकतो. हा दुसरा पंखाच त्या पेटीचं खरं काम आहे, खोली तापवणं. आता सांगा, मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो त्या सोलापुरात खोली तापवायचं मशीन घेऊन काय करायचं? त्यावर तवा ठेवायला जागा नसते, विजेचं सगळं १२० व्होल्टवर चालणारं, आपल्याकडं २३० व्होल्ट, आणि स्क्रूची मोटर गेली तर सोलापुरात पार्ट मिळणार नाही. वर त्यांची वाटी लाकडाच्या पेलेटसाठी बनवलेली, ज्यात चांगल्या मालाची राख एक टक्क्याच्याही खाली असते. आपल्याकडं मिळतात ते पेलेट तुराट्या, शेंगांची फोलपटं, सोयाबीनचा भुसकट, उसाचा बगॅस म्हणजे चिपाडाचा चोथा अशा शेतातल्या मालाचे, राख ५ ते १० टक्के सहज निघते, ती वाटी बघता बघता गच्च होईल. पण त्या लोकांची एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्या, ती म्हणजे ते जुन्या धुराड्यात धूर मोकळा सोडत नाहीत, आतून स्टीलचा नवा पाईप घालतात. त्यावर येतेच.

आता दुकानदाराचा हिशोब. तीन किलो पेलेट म्हणजे एक किलो गॅस, हे तो नुसत्या उष्मांकावरून सांगतोय. गॅसमध्ये किलोला ११,००० किलोकॅलरीच्या आसपास, शेतमालाच्या पेलेटमध्ये ३,८०० धरा, भागिले तर तीनच येतात, खोटं नाही. पण भांड्याला किती लागते ते कोण बघणार? गॅसच्या बर्नरची साठेक टक्के उष्णता तव्याला मिळते. बायोमासच्या चुलींसाठी आयएस १३१५२ असं भारतीय मानक आहे, त्यात पंख्याच्या घरगुती चुलीला किमान ३५ टक्के कार्यक्षमता असावी लागते, म्हणजे चांगली चूल ३५-४० टक्क्यांवर चालते असं धरा. मग एक किलो गॅसचं काम करायला साडेचार ते पाच किलो पेलेट लागतात. १९ किलोच्या सिलिंडरला ९० किलो. माझ्या घरी वहीत मांडून ठेवलंय तेही याच्याच आसपास येतं.

९० किलोला १४ रुपयांनी १,२६० होतात. समजा तुम्हाला सिलिंडर १,८०० ला पडतो, तर सिलिंडरमागं ५४० वाचले, पाच सिलिंडरचे २,७००. भट्टी ३८ हजार, पाईप, हूड म्हणजे तव्यावरचं धूर ओढून नेणारं पत्र्याचं छत्र, गवंडी, फॅब्रिकेटर धरून वर आणखी १२ हजार लागतीलच, झाले ५० हजार, म्हणजे पैसे फिटायला दीड वर्षाच्या वर लागणार. हे पण वाईट नाही. पण पेलेट १८ रुपये झाला तर? सिलिंडरमागं १८० वाचतात, महिन्याला ९००, आणि ५० हजार फिटायला साडेचार वर्षं. २० रुपयाला तर गॅस आणि पेलेट सारखेच, आणि राख काढायचं काम फुकटात तुमच्या गळ्यात. दोन-चार रुपयांवर एवढं सगळं फिरतं, म्हणून म्हणते आधी पेलेट.

आणि भाव वाढतो वो. २००६ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर 'ऊर्जा' नावाची पेलेटची पंखेवाली चूल काढली होती, पुढं २००९ मध्ये ते काम पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडं आलं, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या लाखो घरांत ती चूल पोचली. चूल चांगली होती, धूर कमी, भाकरी पटकन. पण कच्चा माल महागला, पेलेट महागले आणि बऱ्याच घरांत चांगल्या चालत्या चुली माळ्यावर गेल्या. आता तर मागणी अजून मोठ्या लोकांची आहे, २०२१ च्या केंद्राच्या धोरणात कोळशाच्या वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के बायोमास पेलेट मिसळायला सांगितलं होतं, साखर कारखाने स्वतःचा बगॅस स्वतःच जाळून वीज करतात. तुमचे महिन्याला साडेचारशे किलो, त्या लोकांची खरेदी टनांच्या गाड्यांनी. पेलेटवाला अडचणीत आला की आधी कुणाचा फोन उचलायचा सोडून देईल ते तुम्हीच सांगा.

माझ्या बाबतीत तेच झालं. मी आणि माझ्या नणंदेनं मिळून घरी भाकरीचं काम चालवलं होतं, पेलेटची भट्टी घेतली फेब्रुवारीत, कारण दुकानात डेमो बघितला आणि ती निळसर ज्वाला बघून भुललो. मार्च ते मे एकदम झकास. जूनच्या शेवटी पेलेटवाल्यानं आठ दिवस, मग पंधरा दिवस असं करत माल दिलाच नाही, आम्ही दुसरीकडून पोती आणली, ती परसातल्या पत्र्याखाली जमिनीवरच ठेवली. जुलैत एका लग्नाची हजार भाकरीची ऑर्डर होती. पहाटे चारला उठून काटवटीत पीठ मळायला घेतलं, पहिली भाकरी थापून तव्यावर टाकली आणि खालचा जाळ कमी कमी होत गेला. हॉपरचं झाकण उघडलं तर वरचे पेलेट ठीक दिसत होते, हात आत घातला तर खाली सगळा ओला भुसा, दाबून घट्ट बसलेला, पोह्याच्या लगद्यासारखा. ओल लागली की पेलेट फुगतो आणि परत भुसा होतो, स्क्रूमध्ये तो असा बसला होता की पक्कड लावूनही हलेना. नणंद रडायला लागली. शेवटी शेजारच्या घरून गॅसची शेगडी आणून ऑर्डर पुरी केली, नफा गेला तो गेला. चूल चांगलीच होती, चूक आमचीच, पोती कुठं ठेवायची याचा विचारच केला नव्हता.

म्हणून पोत्याची जागा आजच ठरवा. साडेचारशे किलो पेलेटला साधारण तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच एवढी जागा लागते, वाड्यात ती निघेल. जमिनीपासून वीतभर उंच फळ्या टाकून, भिंतीला न चिकटवता, जाड प्लास्टिकच्या आतल्या पिशवीसकट पोती ठेवा. माजघरात जिथं पूर्वी ज्वारीची पोती असायची तिथं ठेवली तर उत्तमच, मंगळवेढ्याची ज्वारी जितकी जपता तितकंच यांना जपा. फक्त ती जागा हवेशीर असू द्या, पेलेट बंद कोठडीत कोंडून ठेवायचे नाहीत आणि त्या खोलीत कुणी झोपायचं नाही.

पेलेट बघून घ्यायचे म्हणजे काय बघायचं? दुकानदाराकडून पाच-दहा किलो नमुना आणा, पैसे देऊन आणा. मूठभर हातात घ्या, ६ ते ८ मिमी जाड, बोटाच्या पेराएवढे लांब, चकचकीत असतात चांगले, हातात चोळले की हाताला पीठ लागता कामा नये. पोत्याच्या तळाशी किती भुसा आहे ते बघा, तो स्क्रूचा दुष्मन. एका ग्लासात पाणी घेऊन दोन पेलेट टाका, चांगला घट्ट दाबलेला असेल तर टपकन तळाला जातो, तरंगला तर तो नीट दाबलेला नाही. मग एक किलो वजन करून जाळा आणि गार झालेली राख चटणीच्या वजनकाट्यावर मोजा. ५०-६० ग्रॅम आली तर चालेल, १०० च्या वर गेली तर दुसरा माल बघा. राखेत काचेसारखे कडक खडे सापडले तर समजायचं की मालात माती किंवा मातकट भुसा जास्त आहे, ते वितळून जाळीला चिकटतात, हवेची भोकं बंद करतात आणि मग जाळ पिवळा, धूर काळा. थोडे खडे येणारच, दर दोन तासाला सळईनं पाडायचे, पण ढेकळं येत असतील तर तो पेलेट घेऊ नका, कितीही स्वस्त देऊ दे. आणि एकाच दुकानदारावर राहू नका, भट्टी घ्यायच्या आधी दोन पेलेटवाले हुडकून दोघांकडून नमुना जाळून बघा, एकाशी तरी सहा महिन्यांचा भाव कागदावर घ्या.

आता धुराडं. जुन्या वाड्यातलं धुराडं म्हणजे विटा आणि मातीचं, आतून चांगलं फूटभर रुंद, लाकडाच्या चुलीचा दणदणीत गरम धूर वर ओढायला बांधलेलं. पेलेटचा धूर कमी असतो आणि त्यातली उष्णता बरीचशी तव्यानं घेतलेली असते, एवढ्या मोठ्या गार धुराड्यात तो शिरला की मधेच थंड होतो, वर जायची ताकद संपते, काळा चिकट थर भिंतीला बसतो आणि उरलेला धूर परत खाली. वीस वर्षं बंद म्हणजे आत कबुतरांची घरटी, पडलेल्या विटा, जुनी काजळी, ती काजळी पेटते पण. म्हणून आधी कुणाकडून तरी वरून खालपर्यंत साफ करून घ्या, आणि आतून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा पाईप सोडा. जीआय पाईप स्वस्त पडतो म्हणून फॅब्रिकेटर तोच सुचवेल, नको म्हणा, त्याच्यावरचा जस्ताचा थर तापून खराब होतो, पाईप लवकर सडतो, आणि धुराड्याच्या आत सडलेला पाईप तुम्हाला दिसणार पण नाही. पाईपचं माप भट्टीच्या मागच्या तोंडाएवढंच, मधे कुठंही बारीक करायचं नाही. कोपरे जितके कमी तितकं बरं, आमच्या फॅब्रिकेटरनं दोन काटकोनी एल्बो घालून पाईप भिंतीतून बाजूला काढला होता, वारा सुटला की धूर उलटा स्वयंपाकघरात, शेजारणीचं वाळवण काळं झालं ते वेगळंच, दीड महिन्यात तो पाईप काढून सरळ वर न्यायला लागला. खाली टी आकाराचा जोड लावून त्याला झाकण ठेवा म्हणजे महिन्याला काजळी काढता येते. वर छपराच्या तीन फूट तरी उंच, जवळपास कठडा किंवा शेजारची भिंत असेल तर तिच्याही वर दोन फूट, आणि पावसाची टोपी. पाईपचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचं तोंड खालच्याच्या आत बसलं पाहिजे, म्हणजे आत पाझरलेलं डांबर बाहेर न गळता आतूनच खाली येतं, हे मी स्वतः उभी राहून बघून घेतलं, तुम्ही पण उभ्या राहा.

एक गोष्ट मात्र खूप काळजीनं सांगते. वाड्याचं छत माळवदाचं असेल तर तुळया आणि किलचं लाकडाची, शंभर वर्षं वाळलेली. साधा एकेरी पाईप लाकडापासून दीड फूट लांब पाहिजे, असा अमेरिकेतला नियम आहे आणि तो सोडू नका. धुराड्यात विटांच्या आतून जातोय तोवर ठीक, पण जिथं छतातून बाहेर पडतो तिथं लाकूड किती जवळ आहे ते माती खरवडून बघा. जवळ असेल तर तेवढ्या भागाला दुहेरी पाईप आणि मधे सिरॅमिक लोकर भरून घ्या. थर्माकोल, गोणपाट, सुतळी असलं काही कुणी कोंबायला लागलं तर काम तिथंच थांबवा.

पाईप झाला म्हणून हूड नको असं होत नाही. व्हिडिओतली पेटी सगळीकडून बंद असते म्हणून तिचा सगळा धूर पाईपनं जातो, आपल्या भाकरीच्या भट्टीवर तवा उघडा, तव्याच्या कडेनं ज्वाला आणि धूर बाहेर येतोच. तव्याच्या वर पत्र्याचं हूड, चारी बाजूंनी भट्टीपेक्षा अर्धा फूट मोठं, आणि त्याचं वेगळं तोंड बाहेर. एक्झॉस्ट फॅन लावाल तर समोरची खिडकी उघडी पाहिजेच पाहिजे. दारं-खिडक्या बंद आणि फॅन जोरात चालू असं असलं की त्याला हवा कुठून तरी ओढायला लागते, मग तो पाईपमधूनच धूर उलटा आत ओढतो. थंडीत पहाटे बायका खिडकी लावून घेतात, तेव्हाच हे होतं.

यात सासूबाईंचा विषय येतो. धूर डोळ्याला दिसतो, पण जळण अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. पेलेटच्या भट्टीत सगळ्यात जास्त कधी होतो माहितीये का, ज्वाला संपून नुसते निखारे राहिले की, म्हणजे आपल्याला वाटतं आता विझली, काळजी नाही, तेव्हाच. आणि लाईट जाऊन पंखा थांबला की. म्हणून भट्टी पूर्ण गार होईपर्यंत हूड आणि खिडकी चालू-उघडी, निखाऱ्याची घमेली घरात ठेवायची नाही, राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात घालून रात्रभर अंगणात, राखेच्या पोटात निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो. भट्टीच्या ब्लोअरला म्हणजे पंख्याला १२ व्होल्टची बॅटरी असलेलीच घ्या, नुसती विजेवरची घेऊ नका, आपल्या पेठेत लाईटचं तुम्हाला माहितीच आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, एक स्वयंपाकघरात लावा आणि एक सासूबाईंच्या खोलीत. आणि जमलं तर त्यांची झोपायची खोली बदला. ताई, मी तुम्हाला चुलीपेक्षा हे जास्त आग्रहानं सांगतेय, त्या खोलीच्या दाराखालची फट बुजवून भागणार नाही, त्यांना स्वयंपाकघरापासून लांब न्या. गॅसवर सुद्धा चार शेगड्या आणि भाजलेल्या मिरचीचा धूर त्यांच्या छातीत जातच असणार.

आता भाकरीचं. तुम्हाला कडक भाकरी शिकवायची माझी लायकी नाही, पण पेलेटवर जाळ कसा वागतो ते सांगते. पेटवल्यावर दहा मिनिटांनी जाळ जोरात येतो, भाकरी भाजायला आणि फुगवायला फारच छान, गॅसपेक्षा पापुद्रा सरस येतो. पण कडक करायला मंद आच पाहिजे, आणि या भट्ट्यांना एकदम मंद करणं जमत नाही, ब्लोअर ठरावीक मर्यादेच्या खाली आणला की धूर सुरू होतो. आजेसासूच्या चुलीला वैल असेल बघा, भाकरी पुढं भाजायची आणि मागच्या वैलावर फडक्यानं दाबत कडक करायची, तीच युक्ती इथं वापरा. फॅब्रिकेटरला सांगून भट्टीच्या मागं, गरम धूर पाईपात शिरायच्या आधी, वरून जाड पत्रा असलेलं एक चपटं खोकं करून घ्या, त्यावर पाच-सहा भाकऱ्या आरामात कडक होतात आणि जाणारी उष्णता कामाला येते. फक्त त्याला राख काढायचं दार ठेवा. चटणीचे शेंगदाणे मात्र गॅसवरच भाजा. दाण्याला बारीक एकसारखी आच लागते, पेलेटवर एका बाजूनं करपतात, आणि करपलेला एक घाणा चटणीत गेला की गिऱ्हाईक परत येत नाही. पेटवायला दुकानदार डिझेल किंवा रॉकेल शिंपडून दाखवेल, ते करू नका, भाकरीला वास लागतो, नारळाची वाळकी शेंडी आणि काड्यांवर छान पेटतं. भट्टी घ्याल ती हॉपरची, चालू असताना पेलेट घालता येणारी घ्या, एकदाच भरायच्या भट्टीत तासाभरानं जाळ संपतो आणि अर्धं काम तव्यावर राहतं.

आणि एक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, की अडचणीला घरचा लाल सिलिंडर वापरतो. धंद्याला १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरणं बेकायदा आहे ताई, आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पण हात वर करेल. पेलेट सुरू केलीत तरी गॅसचं एक कमर्शियल कनेक्शन ठेवाच, आणि तो सिलिंडर भट्टीच्या खोलीत नको, भिंतीपलीकडं. भट्टीजवळ वाळूची बादली ठेवा, तापलेल्या भट्टीवर पाणी ओतायचं नाही, आणि कामाच्या बायकांना पदर खोचून, सुती साडीतच कामाला बसवा.

म्हणून असं करा. मुलाला म्हणावं व्हिडिओ बघून झाला, आता दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त सुट्टी काढ. दुकानदाराला सांगा की ज्या घरी किंवा खानावळीत त्याची भट्टी एक पावसाळा काढून चालू आहे ते घर दाखव, मगच ३८ हजाराचं बोलू, तिथल्या बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारा पेलेट वेळेवर येतात का आणि जाळीचे खडे कोण काढतं. तोवर गॅसवरच चालू द्या, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या ऑर्डरी संपेपर्यंत नवं काही अंगावर घेऊ नका.

आणि या रविवारी भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, चुलीच्या कोनाड्यात वाकून धुराड्यातून वर बघा, तोंडाला फडकं बांधून. आभाळाचा तुकडा दिसतो का, की मधेच अंधार आहे, तेवढं मला कळवा, मग पाईपचं माप आपण ठरवू.